केझायाबाईंचे निरोप

इंग्लंडमधल्या थॉर्नशॉ गावी लिबरल पक्षाच्या क्लबात केझाया होलरॉइड अठरा वर्षं झाडलोट आणि चहा करत होती. नवरा गेल्यापासून क्लबामागच्या दोन खोल्या हेच तिचं घर.

दक्षिण आफ्रिकेत डच वंशाच्या बोअरांशी इंग्रजांची लढाई जुंपली आणि इकडे पक्षाचे दोन तट पडले. लोकरीचे व्यापारी एमोस बॅरक्लॉ साम्राज्याच्या बाजूचे, चांभार जेबेझ थ्वेट युद्धाच्या विरोधात. एकाच चर्चमध्ये वाढलेली माणसं, पण आता एकमेकांचं तोंड बघेनात. एकमत फक्त एकाच गोष्टीवर होतं: क्लब मोडायचा, इमारत विकायची आणि आपापली वेगळी चूल मांडायची. केझायाचं काय, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. शहाणीच माणसं ती!

नियम असा की, दोन-तृतीयांश सभासदांनी एका खोलीत बसून वार्षिक सभेच्या शनिवारी पाचच्या आत ठराव करायचा. नाहीतर वर्षभर विषय बंद. शनिवारी एमोसची माणसं वर वाचनालयात बसली, जेबेझची खाली बिलियर्डच्या खोलीत. मधल्या जिन्यावर चहाचा ट्रे घेऊन केझाया. तिला सकाळपासून घास गिळवला नव्हता.

पावणेपाचला एमोस नरमले. "त्या बोअरांच्या भाटाला सांग, आम्हीच येतो खाली. एकदाचं मिटवू."

ठराव झाला की केझायाच्या दोन खोल्या गेल्याच. ती जिना उतरली. एरवी ती शिव्या गाळूनच निरोप पोचवी. आज तिने शब्दन् शब्द सांगितला.

"भाट?" जेबेझ ताडकन उठले. "त्या तोफांच्या दलालाला म्हणावं, तू पाऊल टाकलंस तर आम्ही मागच्या दाराने घरी जाऊ!"

तिने तेही जसंच्या तसं वर नेलं. "दलाल" जरा ठासूनच म्हणाली.

"मरू दे तिकडे!" एमोस गरजले आणि पुन्हा खुर्चीत बसले. पाचाचे टोले पडले.

जाताना टोपी चढवत ते म्हणाले, "काय गं केझाया, इतके दिवस आमचे निरोप असेच्या असेच पोचवत होतीस?"

"नाही हो साहेब. आज पहिल्यांदाच."

दार लागलं. उभ्याउभ्याच तिने उरलेल्या केकचे तीन तुकडे खाल्ले. मग आपल्या खोलीत जाऊन पलंगावर बसली आणि पोटभर रडली. सुखानेच.