मामा आणि श्वास घेणारी भिंत

माझा मामा रंगारी. कुठलाही रंग नुसत्या नजरेने जुळवणारा आणि बोलायला लागला की समोरच्याचं डोकं खाणारा. मामी गेली आणि त्याने रंग कालवणंच सोडलं. कुणीही बोलावलं तरी डब्यातला पांढरा फासून यायचा. घरी स्वयंपाकघराची भिंत मात्र अर्धीच पिवळी. मामीने हट्टाने निवडलेला तो रंग लावता लावताच ती आजारी पडली होती. मामा त्या भिंतीकडे पाठ करून जेवायचा. मला त्याचा रागही यायचा आणि रडूही.

शेवटी नैराश्यावरच्या एका नव्या औषधाच्या चाचणीत मी त्याचं नाव नोंदवलं.

"हे प्रयोगशाळेत बनवलेलं ट्रिप्टामाइन नावाचं रसायन," डॉक्टरबाईंनी समजावलं. "मेंदूत सेरोटोनिनच्या ठरलेल्या जागा असतात. त्यांतल्या काहींवर हे जाऊन बसतं आणि सगळा कारभार बदलतं."

"म्हणजे दुसऱ्याच्या खुर्चीत बसून हुकूम सोडतं," मामा म्हणाला. "आमच्या मेव्हण्यासारखं."

मेव्हणा म्हणजे माझे बाबा.

दवाखान्यातल्या खोलीत गोळी घेतल्यावर त्याला जरा मळमळलं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या आणि मग तो ताडकन उठून बसला.

"अगं, भिंत फुगतेय! आत ओल आहे!"

"मामा, तो औषधाचा परिणाम आहे."

"मला शिकवतेस? जन्म गेला माझा भिंतींत!" तो कान लावून टकटक करत खोलीभर फिरला. "श्वास घेतेय गं! सगळा गिलावा पाडावा लागणार!" मग माझ्या डोक्यावर टकटक करून त्याने निकाल दिला, "पोकळ!" डॉक्टरबाईंची हसून हसून पुरेवाट झाली. मामाही पोट धरून हसत होता, आणि हसता हसता भिंतीला कपाळ टेकून हमसून रडायला लागला.

"तिला म्हटलं होतं, तो पिवळा भडक आहे. त्यावरून भांडलो गं मी तिच्याशी."

संध्याकाळी औषधाचा अंमल उतरल्यावर तो म्हणाला, "उद्या अजून एक द्या."

"उद्या फारसा परिणाम होणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्या जागा काही दिवस दाद देत नाहीत."

"बरंच झालं. उद्या मला काम आहे."

दुसऱ्या दिवशी त्याने पिवळा कालवला. "थोडा फिका कर की," मी म्हटलं.

"थेंबभर पांढरा पडू देणार नाही!" तो खेकसला.

भिंत पुरी झाली. मामा तिच्याकडे तोंड करून जेवायला बसला.

"भडकच आहे," तो म्हणाला आणि त्याने पुन्हा वाढून घेतलं.