सेफ्टी ऑफिसरला फिट आली तेव्हा

शुद्धीवर आलो तेव्हा माझ्या नाकाशी बूट होता. साधा बूट नव्हे, सेफ्टी शू. पुढच्या टोकाला आतून लोखंडी वाटी बसवलेला, पायावर जड काही पडलं तरी बोटं वाचवणारा. आमच्या मिलमध्ये तो सगळ्यांना सक्तीचा आहे आणि ती सक्ती करणारा मीच. त्यामुळे मला फिट आली तेव्हा हुंगवायला अख्ख्या ट्रेनिंग हॉलमध्ये एकही चप्पल मिळाली नाही. शेवटी फोरमन गजानन मुळे यांनी स्वतःचा बूट काढला. चामडंही आलं आणि लोखंडही आलं. एका वस्तूत दोन उपचार.

मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबलेला होता. चौघांनी धरून दाबल्यामुळे खांदा ठणकत होता. जीभ चावली गेली होती. दातखीळ सोडवायला कोणीतरी कॅन्टीनमधून चमचा आणला होता, त्या खटपटीत समोरचा एक दात अर्धा गेला. भिंतीवर प्रोजेक्टर तसाच चालू होता आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं : 'प्रथमोपचार'.

मी जालन्यातल्या एका सळया बनवणाऱ्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. तापवून लाल केलेला पोलादाचा लांब ठोकळा, ज्याला बिलेट म्हणतात, तो रोलांच्या जोड्यांमधून दाबत दाबत नेला की शेवटी त्याची सळई होते. कधी कधी ती लाल सळई वाट सोडते आणि साप उसळावा तशी हवेत उसळते. तिच्या वाटेत माणूस येऊ नये, उंचावरून कोणी पडू नये, क्रेनखाली कोणी उभं राहू नये, हे बघणं माझं काम. अपघात झाला नाही की लोक विचारतात, हा माणूस दिवसभर करतो काय? झाला की विचारतात, हा माणूस करत काय होता?

फिट आलेल्या माणसाचं काय करायचं हे मी दर वर्षी शिकवतो. त्याला कुशीवर वळवा. आजूबाजूच्या टणक वस्तू हलवा. डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा. धरून दाबू नका. तोंडात काही घालू नका, नाकाला काही लावू नका. पाच मिनिटांत थांबलं नाही तर दवाखान्यात न्या. झालं. यात अवघड काही नाही, फक्त काही न करता शेजारी बसायचं असतं. आपल्या माणसांना तेवढंच जमत नाही.

बोबड्या जिभेनं मी मुळेंना विचारलं की हे काय केलंत. ते बूट घालता घालता म्हणाले, "सर, तुमी त्या भागावर आल्तेच न्हाई ना. त्याच्या आधीच पडले."

मागच्या वर्षी शिकवलं होतं की, मी म्हणालो.

"मागच्या वर्षी तुमी पडले न्हाई. मंग ध्यानात कसं राह्यल?"

मी प्रोजेक्टर तेवढा बंद करायला सांगितला.

माझी मिरगी जुनी आहे. कॉलेजात असताना सुरू झाली. मेंदूत क्षणभर विजेचा गोंधळ होतो आणि शरीर आपलं ऐकत नाही, एवढंच ते प्रकरण. पिंपळगाव रेणुकाईला आमच्या घरी मात्र ते एवढंच नव्हतं. आईनं देवीला नवस केला, चुलत्यानं मला दोन मांत्रिकांकडं नेऊन उतारा काढून आणला, आणि शेवटी संभाजीनगरच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी ती थांबली. श्रेय नवसाला गेलं. माझी तक्रार नव्हती. पुढं शिक्षण झालं, नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी शाळेत जाऊ लागली, पण फिट आली नाही. गेल्या वर्षी डॉक्टरांनी तपासण्या केल्या, माझ्याशी नीट बोलले आणि गोळ्या हळूहळू कमी करत बंद केल्या. आईनं गावात पेढे वाटले. मीही स्वतःला बरा झालेला माणूस समजू लागलो. सवय लागायला वेळ लागला नाही.

पुन्हा डॉक्टरांकडं गेलो ते थोड्या रागातच. गोळ्या बंद करायला नको होत्या का, असं बायकोनं, सुनंदानं, विचारलं. ती शाळेत गणित शिकवते, तिला चूक कुठल्या पायरीवर झाली हे कळावं लागतं. डॉक्टर म्हणाले, पायरी चुकली नव्हती. गोळ्या बंद केल्यावर काहींना परत येते, काहींना येत नाही. तुमच्या नवऱ्याला आली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. गाडी चालवणं बंद. उंचीवर चढणं बंद. भट्टीजवळ, मशीनजवळ, पाण्यात एकट्यानं जाणं बंद. जागरण बंद. मी मान डोलवत होतो. ही सगळी वाक्यं मी इतरांना ऐकवलेली होती.

घरी आलो तेव्हा सुनंदानं बाथरूमची आतली कडी स्क्रू ड्रायव्हरनं काढलेली होती. कडी लागली तर आत येता येणार नाही, म्हणून. दात गेला तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. त्या कडीच्या जागी उरलेली चार भोकं बघून मात्र मी नळ मोठा सोडला आणि आत बसून रडलो. एवढ्या वर्षांत जी मिरगी गेली असं मी धरून चाललो होतो, ती कुठं गेलीच नव्हती. आणि आता तिनं माझ्या मुलीलाही शिकवलं की बाबा अंघोळीला गेले की बाहेरून हाक मारत राहायचं.

आठवड्यानं कामावर गेलो. स्कूटर घरी, मी कंपनीच्या बसमध्ये. बसमध्ये प्रत्येकाकडं उपाय होता. एकाच्या मेव्हण्याला कांद्यानं गुण आला होता. एकानं घनसावंगीकडचा एक जाणकार सांगितला, जो फक्त अमावस्येला बघतो. टाइमकीपर म्हणाले, एखाद्या शनिवारी जांब समर्थला जाऊन या, मन शांत होईल. मी म्हणालो, मन शांतच आहे, मेंदूचं बघा. ते नाराज झाले.

प्लांट हेड बोरकर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. चहा मागवला की मी सावध होतो. ते म्हणाले की ही गोष्ट तुम्ही कंपनीला कधी सांगितलीच नाही.

"इंटरव्ह्यूत तुम्हालाच सांगितली होती साहेब. तुम्ही म्हणालात, आता येत नाही ना, मग विषय संपला."

त्यांना आठवलं. माणूस खोटा नाही, फक्त सोयीचा आहे. "तेव्हा तुम्ही येत नाही म्हणाला होतात," ते म्हणाले.

"तेव्हा येत नव्हती."

मग एचआरचा निरोप आला की पुन्हा फिट येणार नाही असं डॉक्टरांकडून लिहून आणा. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, लिहून देतो, पण मग यंदा पाऊस किती पडेल तेही त्याच कागदावर लिहू का? कागद मिळाला नाही. तेव्हा एचआरनं मधला मार्ग काढला : काही दिवस घरूनच सेफ्टी बघा. म्हणजे मी जालन्याच्या दुसऱ्या टोकाला दिवाणखान्यात बसून लाल सळयांवर लक्ष ठेवायचं. ठेवलं. महिनाभर सुनंदा शाळेत, मुलगी शाळेत, आणि मी व्हॉट्सॲपवर हेल्मेट घातलेल्या लोकांचे फोटो बघतोय. मुळे रोज एकच फोटो पाठवायचे असा मला संशय आहे. त्यात भिंतीवरचं घड्याळ बंद होतं, म्हणून खात्री करता आली नाही.

एका दुपारी बोरकर साहेब फोनवर म्हणाले की तुम्ही स्वतःहून राजीनामा दिलात तर बरं दिसेल. मी विचारलं, कोणाला? ते म्हणाले, विचार करा. मी विचार केला. घराचे हप्ते आहेत, मुलगी लहान आहे, आणि फिट येणारा सेफ्टी ऑफिसर पाहिजे अशी जाहिरात मी अजून कुठं वाचलेली नाही. राजीनामा दिला नाही. पण त्या रात्री नीट झोपही लागली नाही, आणि झोप न लागणं मला परवडणारं नव्हतं.

दोनच दिवसांत पुन्हा फोन. या वेळी आवाजात साखर. आमच्याकडून सळया घेणार असलेली, पूल बांधणारी एक कंपनी सेफ्टी ऑडिट करायला येत होती. ऑडिट म्हणजे परक्या माणसानं येऊन आपलं घर उघडून बघणं. सेफ्टी ऑफिसर हजर नसेल तर ऑडिट पहिल्याच पानावर बुडतं. कंपनीची बस नको, साहेबांनी स्वतःची गाडी पाठवली.

ऑडिटर एक बाई होत्या, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. सकाळभर त्यांनी खालचं सगळं बघितलं. दुपारी म्हणाल्या, गॅन्ट्री बघू. मिलच्या छताखाली क्रेनचे रूळ असतात, त्यांच्या कडेनं जाणारी अरुंद वाट म्हणजे गॅन्ट्री. तीन मजली घराइतकी उंच, आणि बरोबर खाली लाल सळया धावत असतात.

बोरकर साहेबांनी मला खांबाआड घेतलं. "अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. गोळी घेतलीय ना? मग पटकन वर जाऊन या त्यांच्याबरोबर."

आमच्याकडं उंचीवर चढणाऱ्या प्रत्येकाला परमिट लागतं. त्याला चक्कर, फिट वगैरे काही नाही याची खात्री करून त्यावर सही करायची असते. ती सही माझी. मी साहेबांना म्हणालो, "परवापर्यंत मी खुर्चीवर बसायलासुद्धा धोक्याचा होतो. आज गॅन्ट्रीवर कसा चालतो?"

ते म्हणाले, इथं वाद नको, पार्टी बघतीय.

पार्टी खरंच बघत होती. बाई हेल्मेटचा पट्टा लावून शिडीपाशी उभ्या होत्या. त्यांनी सरळ विचारलं, तुम्ही येत नाही? भोवती मुळे, दोन सुपरवायझर, क्रेन ऑपरेटर अंबादास, शिफ्टची पोरं. मी म्हणालो, "मला मिरगी आहे. बऱ्याच वर्षांनी परत आलीय. गोळ्या नुकत्याच सुरू झाल्यात. मला वर जायचं परमिट मिळत नाही, आणि न देणारा मीच आहे."

साहेब छताकडं बघू लागले. बाई म्हणाल्या, बराबर आहे, मग फोरमनना पाठवा. मुळे बाईंबरोबर वर गेले. खाली आले तेव्हा घामानं निथळत होते, कारण वरच्या कठड्याचा एक तुकडा गायब होता आणि तो कधीपासून गायब आहे हे बाईंनी त्यांनाच विचारलं होतं.

रिपोर्ट आला. कठड्यासाठी कान उपटले होते. पण एक वाक्य असं होतं की या प्लांटमध्ये मेडिकल नियम सेफ्टी ऑफिसरलाही लागू केला जातो, हे कौतुकास्पद आहे. बोरकर साहेबांनी ते वाक्य सगळ्यांना मेल केलं, वर 'आपली परंपरा' असं लिहून. माझं घरूनचं काम त्याच दिवशी संपलं. राजीनाम्याचं कोणी काढलं नाही. परंपरेलाच कसं काढणार?

मी गोष्ट इथंच संपवली असती. पण चार दिवसांनी अंबादास माझ्या केबिनमध्ये आला आणि दार लावून घेतलं. उभाच राहिला. म्हणाला, "सर, तुमी त्या बाईसमोर बोलले ते खरं का? का ऑडिटपुरतं?"

खरं, मी म्हणालो.

मग तो बोलला. त्यालाही येते. दोन वर्षांपासून. आजवर घरीच आली, पहाटे. गोळ्या कधी घेतो, कधी संपतात. बायकोशिवाय कोणाला माहीत नाही. आणि हा माणूस रोज क्रेनच्या केबिनमध्ये एकटा बसून आमच्या डोक्यांवरून टनावारी बिलेट नेत होता. मी त्याच क्रेनखालून रोज दोनदा जातो.

मी त्याला त्याच दिवशी खाली उतरवलं. दुसरं काही करताच येत नव्हतं. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. "तुमच्यावर भरोसा ठेवून आल्तो मी," तो म्हणाला आणि निघून गेला.

बोरकर साहेब भडकले. ट्रेन्ड ऑपरेटर खाली बसवायचा म्हणजे काय, नवीन कुठून आणू, तुम्ही काय युनियन काढून राह्यले का? मी म्हणालो, त्याला वर पाठवा, परमिटवर सही मात्र तुमची. पेन पुढं केलं. साहेबांनी पेनकडं बघितलं, घेतलं नाही. पगार तोच ठेवून अंबादासला गेटवरच्या वजनकाट्यावर दिलं, यासाठी मला आणखी तीन वेळा त्यांचा चहा प्यावा लागला.

अंबादास आता माझ्याच डॉक्टरांकडं जातो. गोळ्या वेळेवर घेतो. माझ्याशी मात्र कामापुरतंच बोलतो. क्रेनचा ऑपरेटर आणि काट्याचा माणूस यांत फरक असतो, वस्तीतल्या लोकांनाही तो कळतो. मला त्याची चूक वाटत नाही. मलाही त्यानंतर अजून फिट आलेली नाही, आणि 'अजून' हा शब्द मी आता वाक्यातून गाळत नाही. स्कूटर सुनंदा चालवते, मी मागं बसतो.

आमच्या प्लांटची दर वर्षी मेडिकल तपासणी होते. डॉक्टर विचारतात, काही त्रास? माणूस म्हणतो, न्हाई. शिक्का बसतो. आम्हा दोघांना सोडून यंदाही शंभर टक्के लोक पास झाले, आणि साहेबांनी तोही मेल सगळ्यांना पाठवला. या धंद्यात इतकी वर्षं काढून मी एकच गोष्ट शिकलो : जिथं खरं सांगितलं की काम जातं, तिथं सगळेच फिट असतात.