दांडीवरचं वजन

माझा नवरा पलटणीत गाड्या चालवून पेन्शनीवर घरी आला, तेव्हा त्याच्याबरोबर एक ट्रंक आली, शिस्त आली, आणि पुढच्याच वर्षी लिलावात घेतलेली मिलिटरीची एक जुनी पिकअप आली. त्या काळी मी त्याला चारचौघांत ‘हे’ म्हणायचे. आता लिहिताना नवरा म्हणते, कारण ‘हे’ म्हटलं की आवाज आपोआप खाली येतो, आणि मला तो खाली आणायचा नाही.

आमचं गाव रहिमतपूरजवळ. सत्तरच्या सुमाराची गोष्ट. गुऱ्हाळं सुरू झाली की आमचा आणि भावकीचा गूळ थेट सांगलीच्या पेठेत न्यायचा, असा नवऱ्याचा बेत होता. त्यासाठी त्यानं सांगलीतल्या विश्रामबागेकडच्या एका वेल्डिंगवाल्याकडून दोन चाकांचा लोखंडी ट्रेलर करून घेतला. तोवर आमचा माल मामंजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या बैलगाडीनं जायचा, आणि तो जवळच्या बाजारापलीकडे जात नसे.

मामंजी जन्मभर बैलांत वावरलेले. त्यांची खिलारी जोडी आता उतरणीला लागली होती, तरी सकाळी स्वतः चहा घेण्याआधी ते त्यांच्या माना चाचपून बघत. गाडी भरण्यात त्यांचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. बैलगाडी भरताना वजन पुढे पडलं तर जू बैलांच्या मानेवर बसतं. मागे पडलं तर गाडी उलाळ होते, जू वर उठतं आणि जुपणीचा फास गळ्याला लागतो. मामंजी गाडी अशी भरत की शेवटी जू दोन बोटांनी उचलून दाखवत. त्यांच्या बैलांच्या मानेला जू घासून कधी आवाळू, म्हणजे गाठ, आलं नाही, आणि हा एवढा एकच गर्व त्या माणसाला होता.

पिकअप आल्यावर नवऱ्याला बैल नकोसे झाले. वैरण फुकट जाते म्हणायचा. मामंजी त्या दिवशी जेवले नाहीत. मग नवऱ्यानं अट घातली. ट्रेलर भरायचं काम मामंजींनी करायचं, आणि तो सांगेल तसंच करायचं. तसं केलं तर जोडी दावणीला राहील. एकदा जरी मनाचं केलं, तर बैल बाजारात. बापाला अशी अट घालताना तो भाकरी मोडत होता, आणि त्याचा हात जराही अडखळला नाही.

त्याचं शिकवणं पलटणीतलं. निघण्याआधी गाडीभोवती फेरी मारायची, टायर ठोकून बघायचे, ट्रेलर जोडणारी पिन बसली का ते डोळ्यांनी नाही, हातानं बघायचं, साखळ्या ट्रेलरच्या पुढच्या दांडीखालून एकमेकींना छेद देऊन अडकवायच्या. ज्या गिअरात चढ चढला असता त्याच गिअरात उतार उतरायचा. आणि वजन चाकांच्या पुढे ठेवायचं. ट्रेलरची दांडी दोन माणसांना कण्हत उचलावी लागली पाहिजे, नाहीतर मागचा ट्रेलर पुढच्या गाडीला खेळवतो. हे सगळं तो मामंजींना अंगणात उभं करून त्यांच्याकडून म्हणून घ्यायचा. भिंतीवर बसलेली भावकीतली पोरं हसायची. त्यांना हाकलायला मीच उठायचे, माझा नवरा कधी नाही.

मामंजींना ते सगळं पाठ होतं, पण हात ऐकत नव्हते. गुळाच्या ढेपा पुढे रचत जायचे आणि दांडी जड झाली की त्यांचा चेहरा ओढल्यासारखा व्हायचा. इतकं ओझं कुणाच्या मानेवर टाकायचं हे त्यांच्या अंगातच नव्हतं. एकदा त्यांनी तसं म्हणूनही बघितलं. नवरा म्हणाला, “आबा, गाडीला मान न्हाई. लोखंड हाय त्ये.” मामंजींनी मान डोलावली, पण त्यांची नजर दांडीवरून हलली नाही.

पहिल्या खेपा नीट गेल्या, कारण नवरा स्वतः उभा राहून भरून घ्यायचा. मग एका दुपारी तो पिकअपखाली शिरून काहीतरी आवळत बसला आणि मामंजींनी एकट्यानं ट्रेलर भरला. त्या खेपेला मला माहेरी सोडायचं होतं, म्हणून मी पुढे नवऱ्याशेजारी बसले. मामंजी मागे पिकअपच्या हौद्यात.

सपाटीवर काही कळलं नाही. ओढ्याच्या उताराला लागलो आणि ट्रेलर म्हशीच्या शेपटीसारखा डावीउजवीकडे फिरायला लागला. त्याच्या झोक्यानं पिकअपही हलायला लागली. मी दाराची कडी धरली. नवऱ्यानं ब्रेकला पाय लावला नाही, स्टिअरिंग सरळ धरून नुसता वेग मरू दिला, आणि म्हणून मी आज हे लिहिते आहे. शेवटी ट्रेलरचं एक चाक रस्त्याच्या कडेला खाली गेलं, काही ढेपा गडगडत बाभळीत गेल्या, आणि गाडी थांबली. लागलं कुणालाच नाही.

मामंजी उतरून आधी ढेपा गोळा करायला धावले. नवरा सावकाश उतरला. त्यानं पिन काढली, दांडी दोन बोटांनी उचलली आणि तशीच धरून बापाकडे बघत राहिला. मामंजींनी ट्रेलर बैलगाडीसारखा भरला होता. रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या थांबल्या होत्या, ओळखीचे चार गाडीवान बघत उभे होते.

चाक वर घेऊन ट्रेलर सरळ केल्यावर नवरा बापाला म्हणाला, “खांद्यावर घ्या.”

मामंजींना आधी समजलं नाही. मग समजलं. त्यांनी वाकून दांडी खांद्यावर घेतली. नवरा ट्रेलरवर चढला आणि एकेक ढेप मागून उचलून पुढे ठेवायला लागला. प्रत्येक ढेपेसरशी दांडी खाली दाबायची आणि मामंजींचे गुडघे थोडे वाकायचे. तो मधे थांबून विचारायचा, कळतंय का. ते म्हणायचे, कळतंय. मी खाली उतरून ओरडले, आवं, बाप हाय तो तुमचा, बैल न्हाई. नवरा माझ्याकडे न बघता म्हणाला की बैल असता तर त्याला एव्हाना कळलं असतं. गाडीवानांतला एकजण हसला. त्याचं हसणं माझ्या कानात अजून आहे. मेला असेल तर बरं झालं.

मी खांदा द्यायला पुढे झाले, तर मामंजींनीच मला हातानं मागे सारलं. शेवटी त्यांच्या तोंडून कण्हल्याचा आवाज आला तेव्हा नवरा खाली उतरला, दुसऱ्या बाजूनं दांडी उचलून हुकात घातली आणि म्हणाला, एवढं वजन पाहिजे.

मला आजही पचत नाही ते हे, की वजनाबाबत त्याचंच खरं होतं. तो चुकत असता तर त्याला कुणीतरी अडवलं असतं. त्याचं खरं होतं म्हणून गाडीवान नुसते बघत राहिले, मामंजी दांडी धरून राहिले, आणि त्याची स्वतःची झोपही कधी उडाली नाही.

अट मोडली होती. पुढच्या बाजाराला मामंजी स्वतःच बैल घेऊन रहिमतपूरला चालत गेले आणि संध्याकाळी जोडी घेऊन परत आले. गिऱ्हाईक मिळालं नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यानं सांगितलं की म्हातारा दिवसभर बाजाराच्या बाहेर, विहिरीपाशी बैलांना सावलीत घेऊन बसला होता. नवरा हसला. म्हणाला, आता सांगलीकडच्या बाजारात नेऊ. आणि बैल ट्रेलरवर चढवायला त्यानं मामंजींनाच सांगितलं.

त्या दिवशी मीही हट्टानं बरोबर गेले. मामंजींनी बांधाच्या उंचवट्याला ट्रेलर लावला, पेंढा अंथरला आणि बैलांना नावानं हाका मारत आत घेतलं. आपल्या माणसाच्या पाठोपाठ ती जनावरं मुकाट्यानं लोखंडावर चढली. मग त्यांनी दोघांना पुढे, अगदी पुढच्या फळीला छाती टेकेल असं ओढून घेतलं आणि हलता येऊ नये म्हणून दावी आखूड बांधली. खाली उतरून दांडी उचलून बघितली. एकट्याला उचलेना. त्यांनी लेकाला हाक मारली, दोघांनी मिळून कण्हत ती हुकात घातली. पिन मामंजींनी हातानं चाचपली. साखळ्या छेद देऊन अडकवल्या. टायर ठोकले. मग हौद्यात मागे तोंड करून बसले, बैलांसमोर.

ट्रेलर सरळ आला. ओढ्याच्या उतारावरसुद्धा जागचा हलला नाही. मी मागच्या काचेतून बघत होते. मामंजींनी हात लांब केला असता तर बैलांच्या कपाळाला लागला असता, पण त्यांनी तो केला नाही.

बाजारात हेड्यानं, म्हणजे जनावरांच्या व्यापाऱ्यानं, बैलांचे दात बघितले, मानेवरून हात फिरवला आणि म्हणाला की एवढ्या वयाच्या बैलांची इतकी स्वच्छ मान त्यानं बघितली नव्हती. मग तो त्यांना घेऊन गेला. मामंजींनी दावी सोडून आपल्याकडे ठेवली.

निघताना नवरा खुशीत होता. बापाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “आज जमलं बघा, आबा. इंचभर हलली न्हाई.”

मामंजी म्हणाले, “शिकलो न्हवं.”

ते हौद्यात चढायला लागले, तेवढ्यात नवऱ्यानं त्यांना थांबवलं. रिकामा ट्रेलर लय उडतो, दांडीवर वजन पाहिजे, तुम्ही ट्रेलरात पुढं बसा, म्हणाला. मामंजी गेले आणि बैल उभे होते त्या पेंढ्यात, पुढच्या फळीला छाती टेकून, दावी मांडीवर घेऊन बसले. गावापर्यंत ट्रेलर सरळ आला.