अमेरिकेच्या संसदेत शिवाजी पेठेचा बोर्ड

अमेरिकेच्या राजकारणात मी आजवर एकदाच हस्तक्षेप केला, आणि तोही कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतून.

माझी मुलगी अश्विनी आणि जावई प्रणव कॅलिफोर्नियात राहतात. प्रणव मूळचा वारणानगरचा, स्वभावानं अतिशय शांत. (लग्नात उखाणा घ्यायला सांगितला तर त्यानं नुसती मान हलवली, आणि लोकांनी त्यालाच टाळ्या वाजवल्या.) तो ज्या कंपनीत आहे, ती कृत्रिम बुद्धिमत्तेचं एक अ‍ॅप चालवते. आपण तोंडानं सांगायचं आणि त्यानं हवा तसा फोटो बनवून द्यायचा. या असल्या अ‍ॅपवरून सध्या अमेरिकेत रान पेटलंय. एक बाजू म्हणते, या कंपन्या खोटे फोटो काढून उद्या निवडणुकाच फिरवतील, त्यांना वेसण घाला. दुसरी बाजू म्हणते, वेसण घातली तर दुसरे देश आपल्या पुढं पळतील. निवृत्त झाल्यापासून मी या विषयाचा सखोल अभ्यास करतोय, म्हणजे रोज सकाळी मिसळ खाताना तानाजीशी त्यावर भांडतो. तानाजी आमच्या तालमीचा अध्यक्ष. तो वेसणवाला. मी जावयामुळं साहजिकच दुसऱ्या पक्षात.

तर एक दिवस प्रणवच्या कंपनीच्या मालकाला तिथल्या संसदेच्या समितीनं बोलावलं आणि चांगलंच फैलावर घेतलं. मालकानं हात वर करून शपथेवर सांगितलं, की आमचं अ‍ॅप कुठल्याही राजकीय नेत्याचा खोटा फोटो बनवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तानाजी मला हिणवायला म्हणून मोबाइलवर ते सगळं दाखवत होता. आणि मालकाच्या मागच्या खुर्चीत मांडीवर फाइल घेऊन कोण बसलेलं? आमचा प्रणव! मला तर्रीचा असा ठसका लागला, की हॉटेलवाला पाणी घेऊन पळत आला.

"तान्या, जावई हाय आमचा!"

तानाजीनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "कुठल्या पक्षात हाय?"

तीन तासांत प्रणव एक शब्द बोलला नाही. मालकापुढं एकदा पाण्याचा ग्लास सरकवला, तेवढंच त्याचं योगदान. पण सरकवला तर अमेरिकेच्या संसदेत ना?

दुसऱ्या एखाद्या गावात सासऱ्यानं फोन करून अभिनंदन केलं असतं आणि विषय संपला असता. आमच्याकडं चौकात डिजिटल बोर्ड, म्हणजे फ्लेक्स, लागल्याशिवाय घडलेली गोष्ट घडली असं कुणी धरतच नाही. मी थेट बंडाच्या डिजिटलच्या दुकानात गेलो. तिसऱ्या प्रहरापर्यंत बोर्ड तयार. वर अक्षरं, 'अमेरिकेच्या संसदेत घुमला कोल्हापूरचा आवाज'. मधोमध कोल्हापुरी फेटा बांधून बोट उगारलेला प्रणव आणि त्याच्यापुढं हात जोडून बसलेले सात अमेरिकन खासदार. आणि ज्याचं अभिनंदन त्याच्यापेक्षा अभिनंदन करणाऱ्याचा फोटो मोठा, या रिवाजानुसार सगळ्यांच्या वर मी.

बंडानं विचारलं, नावाखाली पद काय टाकू? मी म्हणालो, बिद्रीच्या साखर कारखान्यातला निवृत्त टाइमकीपर. त्यानं माझ्याकडं फार करुणेनं पाहिलं.

"काका, असं कोण टाकत न्हाई. सगळी युवा नेतेच टाकत्यात."

माझं वय बासष्ट. मी हरकत घेतली असती तर बरं दिसलं असतं, पण खरं सांगायचं तर ती अक्षरं अजून जरा मोठी करायला सांगून मी घरी आलो.

तिसऱ्या दिवशी घोटाळा झाला. बोर्डाचा फोटो या मोबाइलवरून त्या मोबाइलवर उड्या मारत अमेरिकेत पोचला आणि नेमका वेसणवाल्यांच्या हाती लागला. तिथल्या एका वर्तमानपत्रानं छापलं, की मालक इकडं शपथ घेतोय आणि तिकडं भारतात त्याच्याच कर्मचाऱ्याचा सासरा आपल्या खासदारांचे खोटे फोटो भर चौकात टांगतोय. मी चहा घेत होतो, तेवढ्यात प्रणवचा फोन आला. लग्नाला सहा वर्षं झाली, पण त्यानं आपणहून मला फोन करण्याची ही पहिलीच वेळ.

"मामा, बोर्डावरचा फोटो कशात केलाय?"

मी म्हणालो, बंडाच्या दुकानात. तो म्हणाला, तसं नाही, आमच्या अ‍ॅपमध्ये केला असेल तर मालकाची शपथ खोटी ठरते आणि पहिला मी घरी जातो. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि दोन महिन्यांत सगळं चंबूगबाळं आवरून परत. मागं अश्विनीच्या रडण्याचा आवाज येत होता. हौसेपायी पोरीचा संसार उधळून बसलो, या विचारानं मला दरदरून घाम फुटला.

तसाच बंडाकडं धावलो. हे मशीननं केलंय का, असं विचारल्यावर त्याला फार लागलं.

"हातानं कापून चिकटवलंय सगळं! मशीन करतंय व्हय असलं काम?"

त्यानं कॉम्प्युटर उघडून दाखवलं. साती खासदारांची धडं एकाच माणसाची होती, दिवाळीच्या बोर्डावरच्या एका पतसंस्थेच्या संचालकाची. साती जणांच्या बोटांत त्याचीच पुष्कराजाची अंगठी. प्रणवला दोन्ही हात उजवे होते. बंडानं ती फाइल अमेरिकेला पाठवली, कंपनीच्या तज्ज्ञांनी दिवसभर डोकी लावली आणि निकाल दिला, की इतकं वाईट काम करणारं यंत्र जगात अजून निघालेलं नाही. हे निःसंशय माणसाचं काम आहे. (बंडानं हे वाक्य आता दुकानात लावलंय.) मी पेढे आणले. पुडा सोडतोय, तोवर पुन्हा फोन.

"मामा, एक डोकं मात्र आमच्या अ‍ॅपमधलं निघालंय."

"कुणाचं?"

"तुमचं."

शेजारी बसलेली माझी बायको सुमन माझ्या डोक्याकडं बघायला लागली. तिथं बघण्यासारखं काही नाही, विमानतळासारखं सपाट आहे. आता कबूल करायलाच हवं होतं. ते अ‍ॅप प्रणवनंच मागं माझ्या मोबाइलवर घालून दिलं होतं. बंडाला फोटो देण्याआधी मी त्या अ‍ॅपला हळूच सांगितलं होतं, की पंचवीस वर्षं कमी कर, केस दे आणि मिशी जरा वर उचल. त्यानं केस देताना हात आखडता घेतला नव्हता. बोर्ड पाहून सुमननं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "ह्यो कोण?"

आता साधा माणूस स्वतःचा कसाही फोटो बनवू शकतो, त्याला कंपनीची ना नाही. शपथ फक्त नेत्यांपुरती होती. पण माझ्या त्या काळ्याभोर केसांच्या खाली हातभर अक्षरांत 'युवा नेते' लिहिलेलं, आणि कंपनीच्या वकिलानं त्याचं भाषांतर करून घेतलेलं. म्हणजे प्रणवची नोकरी आता एकाच प्रश्नावर अडली होती.

"मामा, तुम्ही खरंच नेते आहात का? वकील विचारतायत. स्पष्ट सांगा."

तालमीच्या प्रत्येक कार्यक्रमात पहिल्या रांगेतली खुर्ची धरून चाळीस वर्षं काढलेला माणूस मी. मग अश्विनीचा चेहरा डोळ्यांपुढं आला.

"न्हाई," मी म्हणालो.

एवढ्यावर वकिलाचं भागेना. त्याचं म्हणणं, नेते तर काहीही नाकारतात, लेखी पुरावा द्या. सुमन म्हणाली, "पुरावा कशाला? मी लिहून देते की. घरात ह्यांचं कोण ऐकत न्हाई."

हा पुरावा जमवायला तानाजीनं दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तालमीत बैठक बोलावली. मला वाटलं होतं, माझ्या तोंडावर असलं काही सांगायला लोक जरा संकोचतील. तिथं रांग लागली होती. पाण्यासाठी काढलेल्या मोर्चात मी घोषणा देत पुढं गेलो आणि वळून पाहिलं तर मागं कुणीच नव्हतं, ही हकीकत पाच जणांनी पाच तऱ्हांनी लिहून दिली. एकानं पतसंस्थेच्या निवडणुकीचा जुना निकाल शोधून आणला. मला तीन मतं. आमच्या घरात मतदार पाच. मला न मिळालेली दोन कुणाची, हे मी कधी विचारलं नव्हतं. त्यातलं एक आपलं होतं, असं सुमननं न विचारता सर्वांसमक्ष सांगितलं.

पत्र तानाजीनं स्वतः लिहिलं. मी त्याला म्हणालो, तू तर वेसणवाला, कंपनी बुडाली तर तुला बरंच. तो मान खाली घालून लिहीतच राहिला.

"पोरगी पेठेची हाय. ते भांडण मिसळीवर बघू."

पत्रात त्यानं लिहिलं होतं, 'सदर इसम गेली चाळीस वर्षे आमच्या परिचयाचे असून त्यांच्यामागे आजवर चार माणसेही गेलेली नाहीत.' खाली तालमीचा शिक्का आणि अख्ख्या पेठेच्या सह्या. वाचताना माझे डोळे भरून आले. सगळेच अश्रू कृतज्ञतेचे होते, असं मात्र म्हणता येणार नाही.

पत्राचं इंग्रजी करून ते पाठवलं. दोन दिवस घरात कुणाला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी प्रणवचा फोन आला, "मामा, सुटलो!" समितीनं पत्र दाखल करून घेतलं होतं, मालकाची शपथ खरी ठरली होती, नोकरी शाबूत होती. मागं अश्विनी हसत होती, आणि ते हसणं ऐकून मी लहान पोरासारखा रडलो.

चौकात फटाक्यांची माळ लागली. हलगी आली, गुलाल आला, आणि पोरांनी मला खांद्यावर उचललं. वरून पाहतो तर सगळी पेठ माझ्या मागं! बंडा मोबाइल काढून फोटो घ्यायला लागला, तेवढ्यात तानाजी गर्दीतून ओरडला.

"फोटो नको रं! अमेरिकेला कळलं तर ह्यो नेता हाय म्हणतील!"

जावयाच्या नोकरीसाठी मी तशाच चालत्या मिरवणुकीत खांद्यावरून खाली उडी मारली आणि एका दुकानाच्या पायरीवर चढून उभा राहिलो. हलगी वाजत मिरवणूक पुढं गेली, आणि मी त्यात नाही, हे रंकाळा तलाव येईपर्यंत कुणाच्या लक्षातही आलं नाही.