‘जातो’ म्हणालो
लग्नाच्या पहिल्या वर्षी घरातून निघताना मी बायकोला ‘येतो’ऐवजी ‘जातो’ म्हणून बसलो. तिचे वडील असेच ‘जातो’ म्हणून गेले ते परतलेच नव्हते. पण मला घाई महाल भागातल्या पानठेल्यावरच्या रेडिओची: पुन्हा पुन्हा उडवता येणारं अमेरिकेचं यान सुखरूप उतरलं का, ते सकाळच्या बातम्यांत कळणार होतं. काताच्या वासात गर्दी ताटकळली होती. “वर गेलेलं वापस येते का गा?” “माही सायकल गांधीबागेतून नाही आली वापस!” यान उतरलं होतं, आम्ही टाळ्या पिटल्या. मी नाचत घरी आलो, तर ती दारातच उभी, डोळे लाल. “अवं, यान आलं!” मी ओरडलो. हल्ली अग्निबाण उभ्यानं परत उतरताना पाहिले की तिचं तेव्हाचं बोलणं आठवतं: “ते ‘येतो’ म्हणून गेलं असन. तुमचा काय भरोसा? बसा, चहा मांडते.”