कडुलिंबाचा रीथ

आमच्या घरात आजवर कुणालाही कांजिण्या झालेल्या नाहीत. हे लिहून ठेवणं भाग आहे, कारण आमच्या गल्लीत या विषयावर अजूनही दोन मतं आहेत.

मी बदनापूरला घरीच लहान मुलांची शिकवणी घेते. मुलांशी माझं छान जमतं. त्यांच्या आया गेटवर आल्या की मात्र मला आतल्या खोलीत काहीतरी महत्त्वाचं काम आठवतं (बहुतेक वेळा पंखा बंद करण्याचं). गेल्या डिसेंबरात मी धीर करून सगळ्या मुलांना नाताळच्या दुपारी केक खायला बोलावलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणाला घरी बोलावत होते. कुणी आलंच नाही तर, या काळजीने माझी झोप उडाली होती.

माझ्या इंग्रजी शाळेत नाताळला मोठ्या दारावर रीथ लागायचा. रीथ म्हणजे हिरव्या फांद्यांचा गोल हार. तसाच मला आपल्या बागेतल्या वस्तूंचा करायचा होता. आमची बाग म्हणजे घरामागे एक कडुलिंब, त्यावर चढलेली गुळवेल, लिंबाचं झाड, कढीपत्ता आणि आईच्या मिरच्या. गुळवेलीचं कडं वळलं, त्यावर कडुलिंबाच्या डहाळ्या दाट बांधल्या आणि लाल फळांच्या जागी पिकलेल्या मिरच्या खोचल्या.

"काय करून राह्यली गं?" पप्पांनी विचारलं.

"रीथ. दाराला लावायचाय."

"मंग पिवळं काही तरी पाह्यजे त्याच्यात," असं म्हणून त्यांनी दोन लिंबं तोडून आणली.

मला लाल रिबन हवी होती. आई म्हणाली, "रिबनीचा खर्चा कशाला? ओटीतला लाल ब्लाउजपीस पडून आहे." त्याचा झकास बो झाला. मी रीथ दारावर टांगला, फोटो काढला आणि स्वतःवर खूश झाले.

समोरच्या शोभाकाकू रोजच्यासारख्या कढीपत्ता न्यायला आल्या. गेटातच थबकल्या, दाराकडे पाहून हात जोडले आणि कढीपत्ता न घेताच परत गेल्या. मला वाटलं, आवडला! थोड्या वेळाने आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर दहीभाताची वाटी आली.

"नाताळला दहीभात देतात का?" आईने विचारलं.

"देत असतील ना?"

"मला काय विचारते? शाळा तुझी."

आम्ही तो खाल्ला. चांगला होता.

चार वाजले. कुणी आलं नाही. मी खिडकीच्या पडद्याआडून पाहिलं, तर सगळी मुलं नवे कपडे घालून रस्त्यापलीकडे उभी होती. आयांनी त्यांचे हात घट्ट धरले होते आणि मध्ये शोभाकाकू काहीतरी समजावत होत्या. आपण कुणालाच आवडत नाही, याची मला खात्री पटली. मी डोळे पुसले. मिरच्या खोचलेल्या हातांनी.

इकडे पप्पा बाहेर गेले.

"भाऊजी, कोणाला आल्या?" काकूंनी लांबूनच विचारलं.

"काय आल्या?"

"देवी. दाराला लिंबाचा पाला हाय, लाल कापड हाय. आता लपवून काय फायदा?"

आमच्याकडे कांजिण्यांनाही देवीच म्हणतात; त्या आल्या की दाराला कडुलिंबाचा डहाळा लावतात, म्हणजे बाहेरचं माणूस आत येत नाही, आणि देवीला थंड दहीभात ठेवतात. हे मला शाळेत शिकवलं नव्हतं. आईला माहीत होतं. तिचं नंतरचं स्पष्टीकरण असं, की डहाळा असता तर लक्षात आलं असतं, हा गोल होता.

"अवो, नाताळचा हार हाय तो."

"नाताळला लिंब कोण लावतं?"

पप्पांनी घराकडे हात केला. "पोरगी बिलकुल ठणठणीत हाय. थांबा, तिलाच बोलावतो."

मी बाहेर आले. डोळे सुजलेले, गालांवर, कपाळावर लालभडक चट्टे. आयांनी मुलांना एक पाऊल मागे ओढलं.

"बघा," शोभाकाकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून प्रेमाने, "खाजवू नको माय."

मिरचीचा हात लागला, एवढंच सांगायचं होतं. पण इतकी माणसं एकदम माझ्याकडे बघत असताना माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. आईने तर माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

शेवटी स्वराची आई म्हणाली, "आमच्या पोरीला मागच्या साली येऊन गेल्यात. पुन्हा येत न्हाईत. जा गं तू."

स्वरा आत आली आणि पायरीवर बसून केक खाऊ लागली. पलीकडे बाकीच्यांनी भोकाड पसरलं. त्यावर आणखी एका आईला आठवलं की आपल्या पोरालाही येऊन गेल्यात, पाळण्यात असताना. मग भराभर सगळ्यांनाच आठवायला लागलं. जरा वेळात सगळी मुलं आमच्या घरात होती, सगळ्या आया रस्त्यापलीकडे, आणि केकचा चुरा सोफ्याच्या फटीत. इतकी सुंदर दुपार मी पाहिली नव्हती.

पुढे कितीतरी दिवस एकही आई गेटवर आली नाही. मुलं एकटी यायची, एकटी जायची. "अगं, घरोघर जाऊन खरं सांगून ये," आई म्हणत राहिली. मी निघालेही होते. पण घरोघर जायचं म्हणजे प्रत्येकीशी बोलायचं.

त्यापेक्षा कांजिण्या परवडल्या.