टाचेवरचा बिब्बा

आईच्या टाचेवरची चिंधी सोडवली आणि मी तोंड बाजूला केलं. फुटलेल्या फोडाच्या कडेची कातडी काळी पडली होती, आतून पिवळं पाणी येत होतं. रेवदंड्यात आमचं घर बोंबील वाळवायच्या जागेला लागून आहे. जखमेवर बसायला माश्यांना उशीर लागत नाही.

"काय केलंस हे?"

"बिब्बा लावून घेतला. हाड जाळायला. तूच तं बोललास ना, हाड वाढलंय म्हणून!"

बोललो होतो. कित्येक महिने आईची टाच दुखत होती. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की खिळा घुसल्यासारखी कळवळायची. चार पावलांनी जरा बरं वाटायचं, पण बाजारात उभं राहून मासळी विकून आली की पुन्हा तेच. त्याच पायांवर मी घरातला पहिला पदवीधर झालो. ते चालायचे थांबले तर, या भीतीने मी अलिबागला तिचा एक्स-रे काढून आणला. टाचेखाली हाडाचं टोक दिसलं. डॉक्टरांना दाखवण्याआधी तो उजेडाकडे धरून मी शेजाऱ्यांना समजावून सांगितला. शिकलेला मुलगा सांगतोय म्हटल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मी कामावर गेलेलो असताना पलीकडच्या आळीतल्या म्हातारीने गरम बिब्बा आईच्या टाचेला टेकवला.

त्या म्हातारीची मला किळस आली, चिंधीची आली. दवाखान्यात जाताना रिक्षात आई पाय उचलून धरून बसली, तेव्हा स्वतःचीच आली.

डॉक्टरीणबाई माझ्यावरच रागावल्या. "असं टोक न दुखणाऱ्या टाचेतही दिसतं. दुखतोय तो तळव्याखालचा पट्टा, टाचेपासून बोटांकडे जाणारा. उभं राहून राहून त्यावर ताण येतो, झोपेत तो आखडतो, म्हणून पहिलं पाऊल जड जातं. यात जाळायचं काय?"

आधी जखम भरायला हवी होती. औषधपट्टी रोज मी बदलायचो, तोंड बाजूला करून.

"नाक कशाला मुरडतोस?" आई म्हणाली. "माशांच्या आतड्यांत हात घालून शिकवलंय तुला."

त्यानंतर मी तोंड फिरवलं नाही. वास मात्र येतच राहिला.

जखम भरल्यावर खरे उपचार सुरू झाले. अंथरुणातच टॉवेल पायाच्या बोटांमागे घालून तळवा ताणायचा, भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या, घरातही मऊ तळव्याची चप्पल. व्यायाम तिने केले. चपलेवरून भांडली.

"चुलीपाशी चपला? शी!"

नवी कोरी चप्पल धुऊन दिली, तेव्हा तोंड वाकडं करत तिने ती घातली. काही महिने गेले. आता सकाळी ती भिंत न धरता उभी राहते.

परवा शेजारची काकी लंगडत आली. तिचीही टाच धरली होती.

"तुझी कशानं बरी झाली गं?"

"बिब्ब्यानं," आई बिनदिक्कत म्हणाली. "त्या म्हातारीकडं जा. हात चांगला हाय तिचा."

मी आतून बाहेर आलो. "काकी, आधी आईची टाच बघा."

आईने पाय साडीखाली ओढून घेतला. "न्हाय रे, लाज वाटते."

मी खाली बसलो, तिचा पाय मांडीवर घेतला आणि तो काळा, सुरकुतलेला डाग काकीपुढे धरला. "बिब्ब्यानं हे झालं. टाच बरी झाली ती रोज सकाळी टॉवेलनं तळवा ओढून."

"ईऽऽ!" काकीने नाकाला पदर लावला. मग पदराआडूनच म्हणाली, "तो टॉवेल कसा ओढायचा म्हणालास?"